शून्यावर आणलेली ओढ

आमच्या ऑर्लँडोच्या ऑफिसात थर्मन व्हिकरी माणसं घडवायचा. खोटी, कॉम्प्युटरमधली. लष्कराने एखाद्या शहरासाठी बेत आखला की तो आधी या माणसांवर चालवून बघायचा. रस्ता बंद केला तर बेकरीवाला कुठे जाईल, गोळीबार झाला तर मास्तरीण काय करेल. थर्मन प्रत्येकाला आकड्यांत मोजून भूक द्यायचा, भीती द्यायचा, नातेवाईक आणि त्यांची ओढ द्यायचा. शेजारच्या खुर्चीवरून मी चिडवायची, "काय देवा, आज किती जन्माला घातलीस?"

मार्चमध्ये कर्नल स्टॅनफिल शहर रिकामं करायचा बेत घेऊन आले. चाचणीत थर्मनची काही माणसं अर्ध्या वाटेवरून मागे फिरली. कुणाची आई राहिली होती, कुणाचा भाऊ. पूल तुंबला आणि बेत बोंबलला.

"थर्मन, परवा जनरल येतायत!" कर्नल कडाडले. "मरायला परत आत जाणारी गाढवं असतात का कुठे?"

साहेबांसमोर जे नडेल ते शून्यावर आणायचं आणि 'नंतर वाढवू' म्हणत विसरायचं, ही आमच्या धंद्याची घाणेरडी रीत. थर्मनने नात्याची ओढ शून्यावर आणली. जनरलांसमोर शहर कसं झरझर रिकामं झालं! टाळ्या पडल्या, केक कापला. मीही खाल्ला, खोटं कशाला बोलू?

सप्टेंबरात वादळ आलं. घरं सोडा, असा हुकूम निघाला. थर्मन बायकोला, लोरेटाला घेऊन उत्तरेकडे निघाला. तिचा अधू भाऊ एल्डन मागे शहरात, पत्र्याच्या घरात एकटा, आणि फोन उचलेना. लोरेटा नुसती रडत होती. थर्मनने गाडी वळवली.

नाक्यावर पोलिसाने अडवलं. "काका, डोकं फिरलंय का? सगळे बाहेर चाललेत!"

"मेहुणा आहे रे आत."

"तुमच्या मागे बघा. सगळ्यांचं कुणी ना कुणी आत आहे."

थर्मनने वळून पाहिलं. मागे फिरलेल्या गाड्यांची ही रांग लागली होती.

तरीही तो आत गेला, तेव्हा एल्डन न्हाणीघरातल्या टबात, अंगावर गादी ओढून बसला होता. "किती उशीर, भावजी!" एवढंच म्हणाला. थर्मन येणार हे त्याने धरूनच ठेवलं होतं.

वादळानंतर ऑफिस उघडलं त्या दिवशी थर्मन माझ्याकडे बघेना. "लाज वाटते गं," म्हणाला, "स्वतःच्या हातांची लाज वाटते." आणि तडक कर्नलांच्या खोलीत गेला. दार उघडंच होतं.

"तो बेत चुकीचा आहे, साहेब. माणसं मागे फिरतात."

"बेत कधीच वर गेला, थर्मन. उद्या खऱ्या शहरात वापरतील."

"मग परत मागवा."

"आणि कारण काय लिहू? माझं नाक कापायचंय का?"

"माझं कापा," थर्मन म्हणाला. "लिहा, की व्हिकरीला माणसं कशी वागतात ते ठाऊक होतं. टाळ्यांसाठी त्याने त्यांची माया काढून घेतली."

कर्नलांनी कागद पुढे ओढला. मग त्यांनी लिहायला घेतलं, आणि थर्मन समोर उभा राहून एकेक शब्द सांगत गेला.