शांभवी मॅडमची खाडी

आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपात नवीन आलेला माणूस एक प्रश्न हमखास विचारतो. पूर्वी तुम्ही कोकणातल्या खाडीवर जायचा म्हणे, मग आता का जात नाही? ग्रुपात वयानं सगळ्यात मोठा मी, त्यामुळं उत्तर द्यायचं काम माझ्याकडंच येतं. मी सांगतो, ती बाई बेजबाबदार होती, वयस्कर माणसांना वाळूवर सोडून निघून गेली. माणसं माना डोलावतात. चार वर्षं हेच चाललंय. आता खरं काय ते एकदा लिहून टाकतो. पण म्हणून मी तिचं कौतुक करायला बसलोय असं कुणी समजू नये. शांभवी मला पहिल्या दिवशी आवडली नव्हती आणि आजही आवडत नाही. सगळे तिला मॅडम, अहोजाहो करायचे, मीही तोंडावर करायचो. इथं करणार नाही.

ती गडहिंग्लजकडची. फोनवर आईशी कानडीत बोलायची आणि आमच्याशी मराठीत भांडायची. वीस वर्षं तिनं एकच काम केलं होतं, शाळांमधून ओळखपत्रांचे फोटो काढायचं. एका दिवसात चारशे पोरं. स्टुलावर बसवायचं, "मान वर कर, हलू नको" म्हणायचं, बटण दाबायचं, "पुढचा!" पुढं शाळांनी मोबाइलवर फोटो काढायला सुरुवात केली आणि तिचं काम बसलं. मग तिनं हे खाडीच्या सहलींचं काढलं. नोव्हेंबर ते मार्च, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस धरायचे, बारा माणसं घेऊन गगनबावड्याचा घाट उतरायचा, ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूवर नेऊन पक्षी दाखवायचे आणि भरतीच्या आत परत आणायचं. पोटापाण्याला तिच्याकडं दुसरं काही नव्हतं, हे ग्रुपात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं.

वीस वर्षं पोरांच्या माना वर करून तिची जीभ तशीच झाली होती. समोर कोण आहे, त्याचं वय काय, याचा विधिनिषेध नाही. मी चौतीस वर्षं फाउंड्रीत सुपरवायझर. माझ्या हाताखाली साठ माणसं होती, वितळलेल्या लोखंडाशी खेळणारी, आणि मी नुसतं खाकरलो तरी ती गप्प व्हायची. निवृत्त झाल्यावर हातभर लांब लेन्स घेतली आणि पहिल्याच सहलीला हौसेनं लाल टी-शर्ट घालून गेलो. बसच्या दारातच ती म्हणाली, "पावणं, हे काय घालून आलाय? पाखरं लांबनंच उडून जातील." आणि बारा जणांसमोर तिनं मला तिचा मळखाऊ रेनकोट घालायला लावला. तो मला दंडात बसत नव्हता.

बस सातला म्हणजे सातला सुटायची. आमच्याकडं सात म्हणजे साडेसात, हे उभ्या जिल्ह्याला माहीत आहे. माझा मेव्हणा विजयसिंह सात वाजून चार मिनिटांनी चौकात पोचला तेव्हा बस निघून गेली होती. मी आत बसून "थांबा की, आलाच त्यो" म्हणून ओरडत होतो. ती मागं न बघता म्हणाली, "समुद्राला फोन लावा काका, त्यो थांबतोय का बघू." घाटात मिसळीला बारा मिनिटं. तेराव्या मिनिटाला ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा. खाडीवर मोठ्यानं बोलायचं नाही, हाक मारायची नाही. आता कोल्हापूरच्या माणसाला हळू बोल म्हणणं म्हणजे काय शिक्षा आहे, ते आपल्याला कळेल.

तरी तिचं काम पक्कं होतं, हे नाइलाजानं लिहितो. प्रत्येक सहलीच्या आधी आठ दिवस ती एकटी एसटीनं जायची. शाळेच्या वहीत लिहिलेलं असायचं, भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यातली वेळ बंदरावरची असते, आत खाडीत पाणी चाळीस मिनिटं उशिरा उतरतं. वाळूचं ते बेट आणि किनारा यांच्यामध्ये एक चर आहे. त्या चरीत पाणी घोट्याला कधी, गुडघ्याला कधी, कमरेला कधी, हे तिनं स्वतः पाण्यात उभं राहून टिपलेलं होतं. तिथं शिंपले काढणाऱ्या बायका असतात. त्यातल्या बाळाबाईच्या घरी ती उतरायची. वाडीतल्या लोकांना आमच्यासारखी माणसं नको होती. आदल्या वर्षी कुठले तरी पर्यटक वाळूवर अडकले, होड्या घालून त्यांना काढावं लागलं आणि वर पोलिसांचे हेलपाटे यांच्याच माथी आले. तीन रविवार देवळात बसून शांभवीनं परवानगी मिळवली, दोन अटींवर. बायकांचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. आणि तिच्या एका जरी माणसाला होडी घालून आणावं लागलं, तर सहली त्या दिवसापासून बंद. प्रत्येक वेळी बसमधून उतरताना ती हे आमच्याकडून घोकून घ्यायची. बायका टोपल्या उचलून निघाल्या, तिनं काळी छत्री वर केली, की निघायचं. मग समोर देव उतरला तरी फोटो नाही.

जानेवारीतली सहल होती, दुसऱ्या दिवशी अमावास्या. या वेळी विजयसिंह आदल्या रात्रीच माझ्या घरी येऊन झोपला होता. ओहोटी पावणेपाचला पुरी झाली. समोरच्या पाण्यात एक मोडका खांब उभा होता आणि त्यावर समुद्री गरुड येऊन बसला. पांढरंशुभ्र पोट, मागं उतरतं ऊन. तो कधीतरी झेप घेणार, मासा उचलणार, आणि तो फोटो माझा असणार. मी चिखलात गुडघे टेकून बसलो.

सव्वापाचला बायका उठल्या. छत्री वर झाली. बाकीचे निघाले.

इथं माझं एक सांगायला हवं. माझं गाव नदीकाठचं. पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की मी देवळाच्या पायरीवर खडूनं रेघ मारतो. तासाला किती बोटं चढलं ते बघतो आणि म्हशी कधी सोडायच्या, धान्य माळ्यावर कधी टाकायचं, ते सांगतो. एकोणीसच्या पुरात आणि एकवीसच्या पुरात माझा शब्द चुकला नाही. माझ्या शब्दावर गल्ल्याच्या गल्ल्या हलल्या. पाणी मला कळतं, ही माझी आयुष्याची कमाई.

तेव्हा मी काय केलं, तर पाण्याच्या कडेपासून चार हात वर एक काठी रोवली. दहा मिनिटांनी बघितलं, पाणी दोन बोटं पुढं. आणखी दहा मिनिटांनी, चार बोटं. मी विजयसिंहला म्हणालो, "आपल्या बुडाखाली पाणी यायला दोन तास हायत. बस निवांत." तो माझ्या भरवशावर बसला. मागून तिच्या हाका येत होत्या. ज्या बाईनं आम्हाला कुजबुजायला शिकवलं, ती बेंबीच्या देठापासून ओरडत होती. विजयसिंह मोबाइलवर गरुडाचा व्हिडिओ काढत होता, तो चुळबुळायला लागला. "दाजी, बोलावत्यात वो." मी म्हणालो, "वरडू दे. मला पाणी शिकवती व्हय ही? महापूर अंगावर घेतलाय आम्ही."

गरुड उडाला. खाडीच्या पार तिकडं, माझ्याकडं पाठ करून. मी शिव्या हासडत उठलो आणि मागं वळलो.

चर भरली होती. येताना घोटाभर पाण्यातून चालत आलो होतो, तिथं आता कमरेएवढं पाणी होतं आणि ते समुद्राकडं नाही, डोंगराकडं वाहत होतं. माझी नदी एका बाजूनं येते आणि समोरून चढते. हे पाणी पाठीमागून आलं होतं. समोरचा काठ उताराचा, म्हणून काठी कोरडी. मागची चर सपाट आणि खोल, म्हणून ती आधी भरली. काठी अजूनही कोरड्यात उभी होती, आणि मी तिच्याकडं बघतच राहिलो.

"दाजी, मला पवाय येत न्हाय वो!" विजयसिंह रडायला लागला. पन्नाशीचा, शंभर किलोचा माणूस.

बाळाबाईचा मुलगा आणि आणखी दोघं जाळं अर्ध्यावर सोडून होडी घेऊन आले. पाच मिनिटांचं काम. किनाऱ्यावर सगळी वाडी उभी होती. शांभवी छत्री अजून वर धरूनच उभी होती आणि ती कमरेपर्यंत भिजलेली होती. म्हणजे बाकीच्यांना पोचवून ती आमच्यासाठी चरीत परत उतरली होती आणि पाणी कमरेला लागल्यावर मागं फिरली होती. मी मान खाली घालून लेन्स पुसत होतो.

वाडीतला एक म्हातारा पुढं आला. आवाज चढवला नाही त्यानं. "ठरला ता ठरला. आता येव नको, बाय."

शांभवीनं माझ्याकडं बघितलं. ती विनवत नव्हती, वाट बघत होती. मी एवढंच म्हणायचं होतं, की चूक माझी आहे, ह्या बाईनं बोलावलं होतं, मी आलो नाही. दोन वाक्यं. माणसं कोकणातली असली तरी माणसंच आहेत, कदाचित ऐकली असती. मी लेन्स पुसत राहिलो. लेन्स केव्हाच कोरडी झाली होती. मग तीच म्हणाली, "बरोबर हाय तुमचं," आणि छत्री मिटली.

परतीच्या बसमध्ये घाट चढून वर आल्यावर मला कंठ फुटला. गाइड कशाला म्हणतात, जबाबदारी कुणाची, असं मी मोठमोठ्यानं बोलायला लागलो. ती पुढच्या सीटवर ओल्या कपड्यांत बसली होती. वळली नाही. घरी पोचल्यावर मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं. शांभवीनं ज्येष्ठ नागरिकांना भरतीत सोडलं. त्यात काठी नव्हती, हाका नव्हत्या, तिचे भिजलेले कपडे नव्हते. ते फिरत फिरत दुसऱ्या ग्रुपांत गेलं. दुसऱ्या खाडीवर सहली काढायचं तिच्या मनात होतं असं नंतर कळलं, पण नावनोंदणीला माणूस मिळाला नाही. विजयसिंहच्या व्हिडिओत तिच्या हाका होत्या आणि माझं "वरडू दे" होतं. मी त्याच्याकडून तो माझ्यासमोर पुसून घेतला. त्यानं निमूटपणे पुसला, आणि तेव्हापासून तो माझ्या घरी मुक्कामाला येत नाही.

हे सगळं तसंच राहिलं असतं. गेल्या महिन्यात कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं मला नवीन पोरांना शिकवायला बोलावलं. आधी गेटपास करा म्हणाले. गेटजवळच्या खोलीत रांग होती. पांढरा पडदा, एक स्टूल आणि कॅमेऱ्यामागं ती. केस पिकलेले, आवाज तोच. "मान वर. हलू नका. पुढचा!"

पळून जावंसं वाटलं. पण रांग पुढं सरकत होती, मागं चाळीस पोरं होती आणि ती पोरं उद्यापासून मला सर म्हणणार होती. माझी पाळी आली. मी स्टुलावर बसलो. तिनं कॅमेऱ्यातून बघितलं, मग कॅमेऱ्याच्या वरून बघितलं.

"वळीकलं न्हाई व्हय मला?" मी विचारलं. आवाज माझा मलाच बारीक लागला.

"वळीकलं की," ती म्हणाली. "मान वर करा, काका."

मी मान वर केली. तिनं बटण दाबलं, फोटो तपासला, आणि माझ्या खांद्यावरून मागं बघत म्हणाली, "पुढचा!"

ते ओळखपत्र आता रोज माझ्या गळ्यात असतं. फोटो चांगला आलाय. बाईला काम येतं.