शिंप्याने बेतलेली मोटार

"पेट्रोल टाकीतून जात नाही, उजव्या पायातून जातं," असं आमच्या गल्लीतला शिंपी सदानकदा म्हणायचा. पॅण्टचं माप घेतानाही म्हणायचा. गिऱ्हाईक बिचारं दचकून आपल्या उजव्या पायाकडे बघायचं.

हात त्याचा सोन्याचा. फाजील कापड त्याच्या डोळ्यांत खुपायचं. जुनी मोटार घेतली, तीही त्याने तशीच बेतायला काढली. आधी टपावरचा कॅरिअर उतरवला, वाऱ्याला अडतो म्हणून. चाकांतली हवा देवाच्या दिव्यासारखी जपू लागला. इथवर कोणी हसलं नाही. मग त्याने सीट उसवल्या, आतला फोम काढून टाकला आणि वरून सुरेख दुहेरी शिवण घातली. शिवण इतकी देखणी, की खालून स्प्रिंग टोचली तरी तक्रार करायला जीभ रेटत नसे.

शेवटी पाळी आली बसणाऱ्यांची. गाडीत चढण्याआधी तो गळ्यातली टेप काढून प्रत्येकाच्या कमरेचं माप घ्यायचा. त्यावरून वजन ताडायचं आणि कोणाला न्यायचं, कोणाला पायी चालवायचं ते ठरवायचं.

गल्लीने सोसलं. बायकोही सोसत होती. पण तिची आई पहिल्यांदाच राहायला यायची होती, तेव्हा हातातली कात्री न ठेवताच ती म्हणाली, "अहो, आईला स्टँडवरून नीट आणा. ती रुसून परत गेली, तर मीही तिच्यामागोमाग जाईन. मग बसा त्या गाडीला भरवत."

इस्त्रीचा सदरा घालून शिंपी स्टँडवर निघाला.

सासूबाई भरदार बाई. उभा जन्म दुधाची व्हॅन चालवलेली, आवाज हॉर्नसारखा. शिंप्याने वाकून नमस्कार केला आणि हात सवयीने टेपेकडे गेला.

"आई, जरा हात वर करा."

सासूबाई फुलल्या. जावई आल्या आल्या ब्लाउज शिवायला घेतोय! "काखेत सैल ठेवा हं, जावईबापू."

"सैल कशाला? मागे मधोमध बसा, म्हणजे भार सारखा पडेल. आणि ती पिशवी मागच्या बसने येऊ दे."

सासूबाईंचे वर गेलेले हात हळूहळू खाली आले. "माझी पोरही मापूनच नेली होतीत का?" एवढंच बोलून त्या पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.

चढ लागला. इंजिन कण्हू लागलं. शेवटी शिंप्याच्याने राहवेना. "आई, एवढा चढ तेवढा चालता का?"

"थांबवा गाडी." त्या उतरल्या, वळसा घालून त्याच्या दाराशी आल्या. "तुमची कंबर किती?"

त्याने प्रामाणिकपणे स्वतःभोवती टेप गुंडाळली. "अडतीस."

"हे ओझं रोज फुकट फिरतं. त्याला कधी उतरवलंत?"

कापड कापून झाल्यावर चूक दिसावी, तसा शिंप्याचा चेहरा झाला. मग एकदम उजळला. "खरंच की हो! सगळ्यात फाजील मीच!" आणि तो असा आनंदाने खाली उतरला, की सासूबाईंचा राग जागच्या जागी विरघळला. त्या स्टिअरिंगमागे बसल्या आणि गाडी अलगद चढावर नेली.

दारात उभ्या बायकोने आईला एकटीलाच गाडी आणताना पाहिलं. ती पुढे धावली.

"हे कुठायत?"

"येतोय मागून. वेडा आहे गं, पण अप्पलपोटा नाही. स्वतःलाही उतरवतो. राहते मी. फक्त ती सीट आधी भरून घे, माझी कंबर राहिली नाही."

दुसऱ्या दिवशी मायलेकी बाजाराला निघाल्या. शिंप्याने चाकांची हवा पाहिली, दोघींसाठी दारं उघडली आणि स्वतः दुकानाकडे चालू लागला. ताठ मानेने, गळ्यात टेप, जणू कोणी मोठं बक्षीस दिलंय. सासूबाई स्टिअरिंगवर हनुवटी टेकून त्याच्याकडे बघत राहिल्या. शेजारी बायको बघत राहिली. कोपऱ्यावर पोचल्यावर तो वळला आणि ओरडला, "बघत बसायचं असेल तर आधी इंजिन बंद करा!"

आणि गेला वळणाआड.