आत्याची परदेशातली जाऊबाई

आमच्या घरात आत्याच्या नोकरीला नाव नव्हतं. शहराबाहेरच्या घोडेस्वारी क्लबात ती मोतद्दार होती. घोड्यांना चारा घालायचा, खरारा करायचा, खूर साफ करायचे आणि लीद उचलायची, हे तिचं काम. पण कुणी विचारलं की बाबा सांगायचे, "ती क्रीडाक्षेत्रात आहे." काकू त्याहून सावध. ती म्हणायची, "व्यवस्थापनात." लीद उचलणं हेही एका अर्थी व्यवस्थापनच, त्यामुळे काकूला खोटं बोलल्याचं पाप लागत नसे.

आत्या बाबांची धाकटी बहीण. तिला पाहायला आलेल्या शेवटच्या मुलाने "लग्नानंतर घोडे सोडावे लागतील" असं सांगितलं, तेव्हा तिने त्याला चहा संपवायला लावला आणि स्वतः कामावर निघून गेली. त्यानंतर घरात तिच्या लग्नाचा विषय निघाला नाही, फक्त उसासे निघत. कामावरून आली की आधी मागच्या दाराने न्हाणीघरात जायचं आणि मगच माणसांत यायचं, असा काकूचा नियम होता. आत्या तो निमूट पाळायची.

चाळिशी उलटल्यावर एकदा जेवताना ती म्हणाली, "मी परदेशी जातेय. एका मोठ्या पागेत नोकरी आहे."

बाबांचा घास हातातच राहिला. "तिकडे घोडे आहेत?"

"नाही दादा, मला बघायला बोलावलंय."

काकांच्या ओळखीचा एक एजंट लगेच हजर झाला. अशी माणसं न बोलावता येतात. त्याने तोडगा काढला: फिरायला म्हणून जायचं, मग तिथेच गायब व्हायचं. कागदबिगद काही लागत नाहीत.

"गायब होऊन कसं चालेल?" आत्या म्हणाली. "घोडा सकाळी उठून खायला मागतो. त्याला काय सांगू, आज मी लपलेय म्हणून?"

एजंटाने एवढी निर्बुद्ध बाई पाहिली नव्हती. तो काकांकडे कीव आल्यासारखं बघत निघून गेला.

मग रीतसर मार्ग सुरू झाला. रीतसर मार्ग म्हणजे जो माणसाचे केस पिकवतो तो. तिकडच्या मालकीणबाईंना आत्याच्या कामाची चित्रफीत हवी होती. ती काढायला बाबांना क्लबात जावं लागलं. बहीण इतकी वर्षं तिथे राबत होती, पण पागेत पाऊल टाकायची त्यांची ही पहिलीच वेळ. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेले. आत्याने एका काळ्या घोड्याचा पाय उचलला, बाबा फोन घेऊन जरा पुढे सरकले आणि घोडा त्यांच्या छातीवर मनसोक्त शिंकला. बाबांची किंकाळी थेट रस्त्यापर्यंत ऐकू गेली. आत्याने घोड्याच्या मानेवर हात ठेवला, "काही नाही रे, दादा आहे," म्हणाली आणि खूर साफ करत राहिली.

चित्रफीत तशीच गेली. मालकीणबाईंनी उत्तर पाठवलं: एवढ्या आरडाओरड्यात घोडा हलला नाही, बाई पसंत आहे. आपल्यामुळेच तिचं काम झालं, असं बाबा पुढे बरेच दिवस सांगत होते. खरं तर ते बरोबरच होतं.

व्हिसाच्या खिडकीपलीकडच्या साहेबाने विचारलं, "आमच्या देशात तुमचे कोणी नातेवाईक आहेत?"

"नाही हो," आत्या म्हणाली. "म्हणून तर चाललेय."

साहेब हसला की नाही ते कळलं नाही, पण शिक्का मिळाला. त्या संध्याकाळी आत्या आमच्या घरात अचानक 'अश्वतज्ज्ञ' झाली. न्हाणीघराचा नियमही काकूने परस्पर रद्द केला.

तिकडे पागेच्या माथ्यावर तिला खोली मिळाली. एक पलंग, एक शेगडी, एक खिडकी आणि खालून येणारा गवताचा वास. घोड्यांच्या खोल्यांत हवा गरम ठेवायची सोय होती. माणसांच्या खोल्यांत तेवढी नव्हती, कारण माणसं विकता येत नाहीत. तिकडची भाषा आत्याला कामापुरती येत होती. माणसांशी ती तुटक बोलायची, घोड्यांशी मात्र अस्खलित मराठीत.

त्यात एक तांबडी घोडी होती. ही कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. पुढ्यात ठेवलेलं हुंगून तोंड फिरवायची, दुसऱ्याने केलेला खरारा अंग झटकून परत करायची. आत्याने तिचं नाव 'जाऊबाई' ठेवलं. सासर नसल्याने आत्याची जाऊ राहूनच गेली होती, ती अशी मिळाली. रोज दोघींचे वाद व्हायचे. "एवढं नाक कशाला मुरडता? इकडे या. पाय द्या बघू." काही महिन्यांत जाऊबाई 'पाय द्या' म्हटलं की पाय द्यायच्या आणि 'मागे व्हा' म्हटलं की मागे व्हायच्या. इतर कामगारांनी आपल्या भाषेत घसा फोडला तरी त्या ढिम्म.

एके दिवशी मालकीणबाई कॉफीचा कप हातात घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ती तांबडी विकली. दुपारी गाडी येईल. जरा चकाचक कर." जुनी खुर्ची विकल्यावर माणूस निदान एकदा तिच्यावर बसून बघतो. मालकीणबाई कॉफी पीत पुढे गेल्या.

आत्याने खरारा केला, आयाळ विंचरली. गाडी आली. चार जण ओढत होते, जाऊबाई गाडीत चढेनात. एकाने चाबूक आणायला हाक मारली तेव्हा आत्या पुढे झाली. "चला जाऊबाई, वर चढा." जाऊबाई चढल्या. एका शब्दावर.

"मीच चढवलं तिला," आत्या नंतर मला म्हणाली. "नसती चढवली तर मारलं असतं. पण ती माझ्या भरवशावर चढली ना."

आठवड्याभरातच नव्या मालकाचा फोन आला. तो एक दाढीवाला, चिडखोर माणूस. "ही घोडी खुरांना हात लावू देत नाही. तू तिला काय सांगायचीस?"

आत्याने सांगितलं. पलीकडून भारदस्त आवाज आला, "पै द्या." जाऊबाईंनी त्याला काय दिलं ते त्याने सांगितलं नाही, पण तो लंगडत होता असं पुढे कळलं. मग त्याने फोन घोडीच्या कानाशी धरला, आत्या बोलली आणि पाय मिळाला. असं रोज चाललं. शेवटी दाढीवाला वैतागून म्हणाला, "तूच ये कामाला."

आत्याचा परवाना मात्र पहिल्या पागेपुरताच होता. दुसरीकडे काम करायचं तर मायदेशी परतून पुन्हा पहिल्यापासून अर्ज. सोबतचे कामगार म्हणाले, "नुसती जा की. कोण बघतंय?" पण आमची आत्या सरळ सामान बांधून घरी आली.

घरात शोककळा पसरली. अश्वतज्ज्ञ परत आली होती! काकूने शेजारी सांगितलं, "सुट्टीवर आलीय." सुट्टी लांबत गेली तसा काकूचा आवाज बारीक होत गेला. कुणी आलं की आत्याला मागच्या खोलीत बसायला सांगत. एका घोडीपायी चांगली नोकरी सोडली, हे बाहेर कळलं असतं तर आमच्या घराण्याची जी अब्रू कुणी कधी पाहिली नव्हती, ती जाणार होती.

"तू ठीक आहेस ना?" असं एकानेही विचारलं नाही. त्यात मीही आलो.

दाढीवाल्याकडच्या नोकरीसाठी आत्याने नव्याने अर्ज केला होता; त्याची मंजुरी यायला पावसाळा आणि हिवाळा दोन्ही गेले. पहिल्या वेळी विमानतळावर हार घेऊन आख्खी गल्ली लोटली होती. या वेळी एकटे बाबा. ते बॅग ओढत चालले आणि दाराशी आल्यावर म्हणाले, "तिकडे थंडी फार असते का गं? मोजे घेतलेस?"

आत्या तिथेच रडायला लागली. बाबांना वाटलं, मोजे राहिले. ते दुकान शोधायला पळाले.

आता ती तिथेच असते. दाढीवाला अजूनही चिडतो, पण त्याने तिच्या खोलीत ऊब देणारं यंत्र बसवून दिलंय. जाऊबाईंना शिंगरू झालं. तेही कुणाचं ऐकत नाही. आत्याचंसुद्धा नाही.