उलटं वाकलेलं धनुष्य

मी लिहावं एवढं माझ्याजवळ काही नाही. आमच्या घरात अर्जापलीकडे कुणी काही लिहिलेलंही नाही. चुकलं तर माफ करा. पण ही गोष्ट तोंडाने सांगायची हिंमत तीनदा झाली नाही, म्हणून कागदावर सांगतो आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तीर्थपुरीत सुतारकाम करतात. मी जालन्याला कॉलेजात आहे. दुसऱ्या वर्षी खेळाच्या सरांनी मला स्टोअरची चावी दिली. सर त्या वर्षी निवृत्त होणार होते आणि स्टोअरमध्ये जुनी लाकडी धनुष्यं मोडून पडली होती.

"सुताराचा पोरगा ना तू? कोपऱ्यातली तुटकी घेऊन जा. लाकूड चांगलं हाये, कायतरी बनव. पण बराबर बघून घे," सर म्हणाले.

मी सात धनुष्यं घरी आणली. सहांना उभ्या भेगा होत्या. त्यांची लाटणी झाली, खुरप्यांच्या मुठी झाल्या. सातवं त्याच कोपऱ्यात, कापडी पिशवीत होतं. त्याला दोन्ही अंगांनी काचेच्या धाग्यांची पांढरी पट्टी चिकटवलेली होती, दोरी नव्हती, आणि दोन्ही टोकं उलट्या बाजूला वळली होती. ओल लागून वाकलं असेल, असं मी ठरवून टाकलं.

आबांनी ते उजेडाकडे धरून पाहिलं. "भेग तर कुठंच दिसंना. अन् दोन्हीकडं सारखंच वाकलंय. आपोआप वाकलेलं लाकूड असं सारखं वाकत न्हाई. हे कुणीतरी मुद्दाम वाकवलंय."

"आबा, या कॉलेजातल्या वस्तू हायेत. तुम्हाला न्हाई कळायचं त्यातलं."

आबांनी मला करवत काढून दिली.

पट्टी कापताना काचेच्या बारीक कुसळी माझ्या बोटात घुसल्या. आबांनीच त्या सुईने काढल्या. मधली मूठ मात्र सुंदर निघाली. कुणाचा तरी हात लागून लागून ती गुळगुळीत झाली होती, अंगठ्याच्या जागी खळगा पडला होता. मला ती घासावीसुद्धा लागली नाही. सरांचे गुडघे दुखायचे, म्हणून मी ती मूठ एका काठीवर आडवी बसवली. निरोप समारंभात सरांना काठी देणार, हे वर्गात सगळ्यांना सांगूनही टाकलं.

समारंभाच्या आदल्या दिवशी मैदानावर तिरंदाजीच्या संघातली एक मुलगी सराव संपवून धनुष्याची दोरी उतरवत होती. दोरी निघाली आणि दोन्ही टोकं झटकन उलटी फिरली.

"मोडलं का?" मी विचारलं.

"येड्या, दोरी उतरवली की असंच असतंय ते! स्टोअरची चावी घेऊन मिरवतोस, अन् एवढं न्हाई ठाऊक?"

ती हसली. मीही हसलो. पण चिंधी बांधलेलं बोट मी मुठीत लपवलं.

तरी दुसऱ्या दिवशी मी काठी दिली. दिली नसती तर मुलांनी का म्हणून विचारलं असतं. सरांनी मूठ धरली आणि त्यांचा अंगठा न शोधता खळग्यात गेला. त्यांनी मूठ उलटसुलट करून पाहिली.

"कशाची रे ही?"

"तुटलेल्यातली, सर."

"माझं एक धनुष्य व्हतं. मी खेळायचो तेव्हाचं. पांढऱ्या पट्टीचं, पिशवीत ठेवलेलं. दिसलं का तुला?"

"न्हाई सर."

त्यांची नजर माझ्या हातावर गेली. "बोटाला चिंधी कशाची?"

"सायकलच्या चेनमध्ये आलं."

"जपत जा," एवढंच म्हणून ते पुढच्या मुलाकडे वळले.

त्यानंतर दोनदा मी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलो. एकदा फोन लावला आणि रिंग वाजायच्या आत कापला. आबांनाही काही सांगितलं नाही. त्यांचं बरोबर होतं, हे कबूल करणं मला सरांपुढे जाण्याहून जड वाटत होतं.

गेल्या रविवारी आबांचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"तुझे सर आल्ते दुकानात. घनसावंगीला लग्नाला गेल्ते म्हणं, येताना हितं उतरले. काठी खालून पार झिजलीये, तिला रबर बसवून दिलं. रोज वापरतात. चहा घेतला. मंग जाताना मला विचारलं, पोराच्या बोटातली काच निघाली का सगळी? मी म्हणलं, निघाली की. पांढऱ्या पट्टीची व्हती, मीच काढली सुईनं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"का रे, गप का?" आबांचा आवाज एकदम खाली आला. "कॉलेजातल्या माणसाशी काय बोलावं, मला कळत न्हाई. बराबर सांगितलं ना मी?"