बटणवालीच्या नोंदी

शेंबूड, ओकारी, ओल्या चड्ड्या, तोंडातून काढून प्रेमानं हातात ठेवलेला अर्धा चावलेला बिस्किटाचा तुकडा, यातल्या कशाचीही बालवर्गाच्या बाईंना सव्वीस वर्षांत किळस आली नव्हती. नव्या लागलेल्या मुली नाकाला रुमाल लावायच्या तेव्हा बाई म्हणायच्या, "अगं, आत होतं तेच बाहेर आलंय, नवीन काय त्यात?" आणि फडकं घेऊन खाली बसायच्या. त्याच बाईंना गेल्या वर्षापासून मळमळायला लागलं होतं, आणि तेही एका स्वच्छ, चकचकीत वस्तूमुळे. ती वस्तू म्हणजे वर्गात आलेला टॅबलेट आणि त्यावरच्या हिरव्या खुणा.

बाईंच्या गळ्यात दोरीला बांधलेली पेन्सिल असायची आणि एप्रनच्या खिशात तळहाताएवढी वही. त्या नोकरीला लागल्या तेव्हाच्या मोठ्या बाईंनी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती. "डोळ्यांना दिसलं तेवढंच लिही. तुला काय वाटलं ते घरी जाऊन नवऱ्याला सांग." बाईंनी दोन्ही आज्ञा इमानेइतबारे पाळल्या. त्यामुळे वहीत 'हुशार', 'लाजाळू', 'आनंदी' असले शब्द कधी नसायचे. 'मोठ्या पेल्यातलं पाणी छोट्यात ओतलं. सांडलं. पेल्याकडे बघत राहिला. मग छोट्यातलं मोठ्यात ओतलं.' बस्स. उरलेलं सगळं नवऱ्याच्या वाट्याला. तो बिचारा जेवता जेवता म्हणायचा, "आता माझीही नोंद घे. भाजीत मीठ नव्हतं. तक्रार न करता जेवला."

वही भरली की कपाटात जायची. आता कपाटाचं दारही नीट लागत नव्हतं. मूल बघावं तर आपणच, असं बाईंना मनातून वाटायचं, आणि मनातलं वहीत लिहायचं नसल्यामुळे ते खोडून काढायची वेळ कधी आली नव्हती.

टॅबलेटची तऱ्हा वेगळी. चोवीस मुलं, प्रत्येकाचे अठरा रकाने, दर महिन्याला. जमलं तर हिरवी खूण, नाही जमलं तर तांबडी. हे काम तरुण ताईकडे होतं. ताई वाईट नव्हती, मुलांना गोष्टी झकास सांगायची, पण महिनाअखेरीला जेवणाच्या सुट्टीत एका हातात चमचा धरून दुसऱ्या हाताच्या बोटानं ती सगळ्या वर्गाला एकदम हिरवं करून टाकायची. एका पोराला कांजिण्या आल्या होत्या, महिनाभर तो घरी अंथरुणात होता. त्याच्याही नावापुढे 'मित्रांबरोबर आनंदाने खेळतो' हे हिरवं.

"कुणाबरोबर खेळला गं तो? उशीबरोबर?" बाईंनी विचारलं.

"बाई, मॅडमना रकाने भरलेले हवेत. मी काय करू?" ताई घास गिळत म्हणाली.

मॅडम म्हणजे पर्यवेक्षिका. महिन्यातून दोनदा यायच्या, छोट्या खुर्च्यांवर बसायच्या नाहीत आणि उभ्या उभ्या उंटावरून शेळ्या हाकायच्या. त्यांना फोटो लागायचे. मातीकामाचा फोटो काढायचा म्हटलं की मुलांना रांगेत उभं करून आधी त्यांचे हात धुतले जायचे, नाकं पुसली जायची आणि मग स्वच्छ हातांत मातीचा एकेक गोळा ठेवला जायचा. ज्या पोरानं सकाळपासून खपून मातीची लांबच लांब नळी वळली होती, त्याची नळी 'बरी दिसत नाही' म्हणून बादलीत गेली. ते पोर बादलीत बघत उभं राहिलं. बाईंच्या तोंडाला कडू पाणी आलं. शेंबडापेक्षा घाण गोष्टी जगात असतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

वर्गात एक मुलगी होती. पाचवं सरलेलं. तिची आई धुलाईच्या कारखान्यात इस्त्रीवर होती आणि कपड्यांतून गळून पडलेली बेवारशी बटणं तिनं डब्यात भरून लेकीला दिली होती. लेक तो डबा रोज काखेत मारून यायची, म्हणून सगळे तिला बटणवाली म्हणायचे. दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची दुसरीकडे, आणि ज्याला भोकंच नाहीत, पाठीमागे कडी आहे, ते एक मुठीत. बोलायची फार कमी, आणि बोलायची ते निम्मं कळायचं नाही. पण गोष्ट चालू झाली की ताईच्या तोंडावरून नजर हलवायची नाही. तसा तिचा एक फोटो मॅडमना इतका आवडला, की त्यांनी तो मोठा करून दाराशी लावला. खाली छापलं, 'लक्ष देऊन ऐकताना'.

वर्ष संपायला तीन आठवडे उरले तेव्हा मॅडमनी फायली मागवल्या.

"ही बटणवाली मोठ्या शाळेत नको पाठवू या," त्या उभ्या उभ्या म्हणाल्या. "बोलत नाही, सांगितलेलं करत नाही. त्यांनी तिला परत पाठवलं तर आपलं नाव खराब होईल. 'आकलन कमी' लिहा आणि परत छोट्या गटात बसवा."

"पण मॅडम," ताई चाचरत म्हणाली, "तिचं सगळं हिरवं आहे."

"मग बदल ना. मागच्या चार महिन्यांचं तांबडं कर. त्यात काय एवढं?"

ज्या बोटानं हिरवं झालं होतं त्याच बोटानं, मॅडमच्या हातातला चहा गार व्हायच्या आत, तांबडं झालं. बाईंना अक्षरशः उबळ आली. त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. 'आकलन कमी' हा शिक्का फाइलीबरोबर वर्गावर्गात फिरतो, आणि पुढची प्रत्येक बाई मुलीच्या आधी तो शिक्का बघते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"मी सही करणार नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या वहीत सात महिन्यांच्या नोंदी आहेत. त्या पोरीच्या डोक्यात काही कमी नाही, मी दाखवून देते."

"शुक्रवारपर्यंत दाखवा," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर सही."

त्या संध्याकाळी मुलीची आई न्यायला आली. वाफेनं बोटांची कातडी पांढरी पडलेली, केसांना साबणाचा वास. बाईंनी घरचं विचारलं तशी ती कंटाळून म्हणाली, "काय सांगू बाई, फार हट्टी आहे. शंभर हाका मारा, ढुंकून बघत नाही. दिवसभर उभं राहून जीव जातो माझा. मग उठतो हात कधी कधी." बटणवाली आईच्या चपलेवर पाय ठेवून उभी होती. बाईंना आईची चीड आली आणि स्वतःच्या चिडीची लाजही वाटली, कारण त्या पांढऱ्या बोटांना काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं सतरंज्यांवर झोपली होती. बाईंनी चष्मा पुसला, वही काढली आणि बटणवालीच्या नोंदी पहिल्यापासून वाचायला घेतल्या. मॅडमच्या तोंडावर फेकायला तीन-चार चांगल्या ओळी शोधायच्या होत्या. बटणांच्या नोंदी झकास होत्या. त्यांच्यावर त्या पेन्सिलीनं रेघा मारत गेल्या. मधल्या ओळी डोळ्यांखालून जात होत्या.

'हात धुवायला चला म्हटलं. चौघं उठली, मग ती उठली.'

'वाऱ्यानं दार आपटलं. सगळी दचकली. ती रंगवत राहिली.'

'टाळ्यांचा खेळ. शेजारणीच्या हातांकडे बघून टाळी देते. एक टाळी मागे.'

'ताईनं गोष्ट सांगताना तोंडापुढे पुस्तक धरलं. ती उठून बाजूला गेली, जिथून ताईचं तोंड दिसतं तिथे बसली.'

'मागून नावानं हाक मारली. तीन वेळा. वळली नाही. पुढे जाऊन मारली. हसली.'

बाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी पान मागे उलटलं, पुढे उलटलं, परत मागे. अक्षर त्यांचंच होतं. सुबक, तारीख घातलेलं. दिसलं ते सगळं लिहिलं होतं, कुठेही चूक नव्हती. सात महिने त्यांनी लिहिलं, खिशात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी पुढचं पान काढलं. यातली एक ओळ दुसऱ्या ओळीशेजारी ठेवून बघायला त्यांना एक दुपार मिळाली नव्हती.

मुलं उठली. बटणवाली दाराकडे पाठ करून डबा उघडून बसली. बाईंनी स्वयंपाकखोलीतून मोठं पातेलं आणि झाकण आणलं, तिच्या मागे चार पावलांवर उभ्या राहिल्या आणि दाणकन झाकण आपटलं. तेवीस मुलं दचकली, एक तर भोकाड पसरून रडायला लागलं. ताईच्या हातातून टॅबलेट सुटला. बटणवालीनं चार भोकांचं एक निळं बटण उचललं आणि ते चार भोकांच्या ढिगात ठेवलं.

झाडणाऱ्या मावशी कुंचा घेऊन दारात आल्या. "काय हो बाई, पोरं घाबरली की! आणि तिच्यामागे कशाला वाजवता? तिला नाही ऐकू येत."

"तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे काय! मी तिला खांद्याला हात लावूनच बोलावते. पहिल्यापासून."

"मग सांगितलं का नाही मावशी?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल," मावशी म्हणाल्या. "तुम्ही सारखं लिहीत असता ना तिच्याकडे बघून." आणि त्या पुढे झाडू लागल्या.

बाई छोट्या खुर्चीवर बसल्या. वर्षभर त्यांनी ताईच्या बोटाला नावं ठेवली होती, मॅडमच्या नावानं बोटं मोडली होती. आता मळमळत होतं ते स्वतःमुळे, आणि त्याला खिडकीपाशी जाऊन उपयोग नव्हता. न बघता खूण करणारी ताई आणि बघून, लिहून, कपाटात कोंबणाऱ्या आपण. पोरीच्या पदरात दोघींनी सारखंच घातलं होतं, शून्य.

शुक्रवारी मॅडम आल्या. बाईंनी सगळं सांगितलं आणि सही करायला साफ नकार दिला. "आधी कान तपासून घ्यायचे. तेच फाइलीत लिहायचं," त्या म्हणाल्या.

"कानाचा रकाना नाही आपल्याकडे," मॅडम म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "आणि हे बघा, दाराशी तो फोटो आहे, 'सूचना पाळते' याला कितीतरी महिने हिरवं होतं. वर कळलं तर काय तोंड दाखवू? वर्ष संपू दे. पुढच्या वर्गातले बघून घेतील."

बाईंना शिसारी आली. त्या सरळ दाराशी गेल्या आणि नखानं चिकटपट्टी उकरून फोटो खाली काढला. मग मॅडमच्या देखत, वर्ग सुटल्यावर आलेल्या आईचा हात धरून तिला आत आणलं.

बाईंनी न अडखळता सांगितलं. मुलीला ऐकू येत नसावं. हट्ट नाही, डोकंही शाबूत आहे. कानाच्या डॉक्टरकडे न्या, मी बरोबर येते, आणि ही वही बरोबर घ्या, डॉक्टरला उपयोग होईल. बोलता बोलता त्यांना थोडं हलकंही वाटायला लागलं होतं. एवढं तरी आपल्या वहीनं केलं, असं मनात आलं.

आईनं वही घेतली. ती सावकाश, ओळीखाली बोट फिरवत वाचायला लागली. ओठ हलत होते. बटणवाली तिच्या ओठांकडे बघत होती. दाराच्या नोंदीपाशी बोट थांबलं. आईनं तारीख वाचली, परत वाचली.

"हा वाढदिवस होता हिचा," ती म्हणाली. "मी मुद्दाम कामावरून लवकर सुटून हिला न्यायला आले, घरी सोडून खाऊ आणायला खाली गेले. खालून हाका मारून मारून घसा बसला. ही खिडकीत पाठ करून बसलेली, वळेचना. वर जाऊन मी तिला मारलं. वाढदिवसाच्या दिवशी."

मॅडम पर्सची चेन लावत होत्या.

"तुम्ही त्याच दिवशी लिहिलंय हे," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. "सकाळी लिहिलंत ना? मग संध्याकाळी मी न्यायला आले तेव्हा का नाही सांगितलंत?"

बाईंना नवऱ्याला सांगायच्या असतात तशा पुष्कळ गोष्टी वाटल्या. त्यातली एकही तिला सांगण्यासारखी नव्हती. "मी लिहिलं," त्या म्हणाल्या, "आणि वाचलं नाही."

आईनं वही मिटून पिशवीत टाकली, मुलीच्या खांद्याला हात लावला आणि दोघी निघून गेल्या. डॉक्टरकडे किती वाजता यायचं ते तिनं जाताना सांगितलं, एवढाच बाईंना आधार.

वर्ग रिकामा झाल्यावर बाईंनी नवी वही काढली. पहिल्या पानावर तारीख घातली आणि लिहिलं, 'बाई. वय अठ्ठावन्न. दार आपटलेलं ऐकलं. मुलगी दचकली नाही हे पाहिलं. वही खिशात ठेवली.' पेन्सिल गळ्यात सोडून त्या घरी जायला उठल्या, मग परत बसल्या आणि लिहिलेलं पहिल्यापासून वाचायला लागल्या.