मी कापलेल्या सळया

नालवाडीतलं आमचं घर मी एका खेळात बांधलं आणि लोकांना आवडावं म्हणून त्याचं डोकं उडवलं. ही गोष्ट मी ऑफिसात कुणाला सांगितलेली नाही. चाळिशीला टेकलेली बाई कॉम्प्युटरवर वसाहतीचा खेळ खेळते, हेच आधी लोकांना पचत नाही. पुढचं कोण ऐकणार?

खेळ साधा आहे. ओसाड जमिनीवर दहा-बारा माणसं उतरतात, त्यांच्यासाठी घरं, कोठारं, विहिरी बांधत वस्ती उभी करायची. खेळातली तयार घरं सगळी परदेशी वळणाची. पण ज्याला येतं त्याने आपली घरं बनवून त्यात घालावीत अशी सोय असते, तिला मॉड म्हणतात. मी वर्ध्यात एका इंजिनिअरच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढते. हात शिवशिवणारच. मी दुसरं काही न शोधता आमचंच घर घातलं आणि इतर खेळणाऱ्यांनाही वापरता यावं म्हणून नेटवर ठेवलं. लोखंडी फाटक, ओटा, काळी टाकी, सपाट स्लॅब आणि स्लॅबवर कॉलममधून वर आलेल्या सळया.

या सळयांबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे घर बांधताना कॉलमच्या सळया हातभर वर सोडतात, पुढेमागे मजला चढवता यावा म्हणून. बाबांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या स्लॅबचं लोखंड बांधण्यात घालवला. स्वतःच्या घराच्या सळया त्यांनी चांगल्या कमरेएवढ्या सोडल्या. गंजू नयेत म्हणून दर उन्हाळ्यात त्यांना सिमेंटचं पाणी फासायचं, टोकांवर प्लॅस्टिकच्या बाटल्या उलट्या खोचायच्या. मी सासर सोडून परत आले तेव्हा खाली भावाचा संसार थाटलेला होता. माझी गादी समोरच्या खोलीत पडली. कुणी काही बोललं नाही, वहिनी तर मुळीच नाही. बाबांनीच एक दिवस जेवताना सगळ्यांदेखत सांगितलं की वरचा मजला हिचा. त्या दिवसापासून त्या सळया माझ्या झाल्या.

खेळात मात्र त्यांनी माझा पिच्छा पुरवला. हा खेळ उंचावरून दिसतो. तिथून सपाट स्लॅब म्हणजे काडेपेटीचं झाकण. सळया इतक्या बारीक, की जरा दूर गेलं की मिणमिणायला लागत, दिसत आणि नाहीशा होत. जाड केल्या तर लोक विचारत, ही तोफ आहे का. सहा कॉलमच्या चोवीस सळया बाटल्यांसकट कोरल्या तर अख्ख्या घरापेक्षा त्यांचाच भार जास्त व्हायचा आणि खेळ अडखळायचा. सगळ्यात वाईट म्हणजे या खेळात अर्धवट बांधकाम असंच दाखवतात, वर खांब उघडे ठेवून. खेळणारे आमच्या घराशी थांबून राहत, ते पूर्ण कधी होतंय म्हणून. सळया काढून स्लॅबवर नुसत्या त्यांच्या सावल्या रंगवता आल्या असत्या, भार पडला नसता आणि खूणही राहिली असती. तेही मला सुचलं होतं. पण कंटाळा केला.

एकाने नेटवर त्या घराखाली लिहिलं, हे घर बिघडलेलं आहे का? मी रोज नकाशात याच सळयांची लांबी लिहिते, त्याला नीट समजावून सांगायला काय हरकत होती? मी इंग्रजीत उत्तर दिलं की आमच्याकडे लोक कुठलंच काम पूर्ण करत नाहीत, थांबा, कापून टाकते. पुढे एक हसरं तोंड टाकलं. आणि कापल्या. वर लाल कवेलूचं, म्हणजे कौलांचं, उतरतं छप्पर बसवलं. ते उंचावरून काय झकास दिसायला लागलं म्हणून सांगू. कवेलूंच्या ओळी, त्यांची सावली, कितीही दूर गेलं तरी घर घरासारखं. खेड्याचं खरं सौंदर्य, असं कुणीतरी लिहिलं आणि मी पाघळले. बाबांचं लहानपण गळक्या कवेलूखाली भांडी मांडण्यात गेलं होतं. या घराचा स्लॅब टाकला त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते. तेच कवेलू मी परत त्यांच्या डोक्यावर आणून ठेवलं, दिसायला बरं म्हणून.

एका रविवारी मी ते घर वहिनीला दाखवत होते. बाबा चष्मा लावून मागे येऊन उभे राहिले. फाटक ओळखलं, टाकी ओळखली, ओट्याची फुटकी पायरीसुद्धा ओळखली आणि खूश झाले. मग बोट वर सरकलं.

"सळाखी कुठी गेल्या?"

मी म्हटलं, बरं नव्हतं दिसत. वहिनी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली आणि मनाने सरळ. खाली लोकांनी केलेलं कौतुक ती बाबांना मराठीत वाचून दाखवायला लागली, आणि त्याच ओघात माझं उत्तरही तिने वाचलं. शेवटी शेवटी तिचा आवाज खाली आला, पण तोवर वाचून झालं होतं. 

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते स्क्रीनकडे बघत म्हणाले, "अर्धं कुठी आहे? खालचं पुरं आहे. वरचं तुह्यासाठी ठेवलं."

तेव्हा माफी मागायला हवी होती. मी म्हटलं, खेळ आहे तो नुसता.

त्यांनी तो खेळ मानलाच नाही. त्यांच्या लेखी मी नकाशे काढते. नकाशात असेल तसंच बांधायचं, आपलं डोकं चालवायचं नाही, हे त्यांनी जन्मभर पाळलं. पोरीने आपल्या मजल्याचा नकाशा काढलाय, त्यात सळया नाहीत आणि वर कवेलू आहे, एवढंच त्यांनी घेतलं. हे मला आठवड्याने कळलं. मधले दिवस ते सकाळीच डबा घेऊन बाहेर पडत. जुन्या सोबत्यांना भेटत असतील असं आम्हाला वाटलं.

मग एका संध्याकाळी ते एसटीच्या धुळीत माखून आले, हातपाय न धुता माझ्याजवळ बसले. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक जुनं कवेलू काढून त्यांनी की-बोर्डशेजारी ठेवलं. आता कुणी कवेलू बनवत नाही, पडक्या घरांचंच मिळतं, गिरडकडे एकाच्या वाडीत ढीग पडला आहे, असं त्यांनी सांगितलं. वरचं लोखंड कापायला एका सोबत्याचं मशीनही ठरवून आले होते. मग ते एकदा कवेलूकडे, एकदा स्क्रीनकडे बघायला लागले.

"हाच रंग पाह्यजे ना तुले?"

हे मी माझ्यासाठी काढलंच नाही, आपलं घर कधी न बघितलेल्या लोकांसाठी काढलं, एवढं सांगायचं होतं. पण ते सांगायचं तर मला आपल्या घराची लाज वाटली, हे वाक्य आधी त्यांच्या तोंडावर उच्चारावं लागणार होतं. ते माझ्याने झालं नाही. मी स्क्रीनकडे बघूनच म्हटलं,

"थोडा गडद पाह्यजे, बाबा."

त्यांनी मान हलवली, कवेलू परत वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि गिरडची सकाळची गाडी किती वाजता सुटते ते वहिनीला विचारलं.