आभाराचे चनबसप्पा

आमच्या सोलापुरात सभा कोणाचीही असो, शेवटी आभार मानायला चनबसप्पाच उभे राहत. ते पुढारी नव्हते. मंगळवार पेठेत त्यांचे गॅसबत्त्या भाड्याने देण्याचे दुकान होते. काँग्रेसवाले, ब्राह्मणेतर, गिरणी युनियन आणि सरकारचे स्नेही एकमेकांचे तोंड पाहत नसत, पण गर्जत सगळे चनबसप्पांच्याच बत्तीखाली. अध्यक्षांचे भाषण आटोपले की मंडळी चहाला पांगत. बत्तीवाल्याला मात्र शेवटपर्यंत थांबणे भाग असे. तेव्हा कोणीतरी म्हणे, "चनबसप्पा, तेवढे आभार उरकून टाका." उरकता उरकता त्यांचा हात बसला.

त्यांची पद्धत ठरलेली होती. अध्यक्ष, वक्ते, पाणी देणारा, सतरंज्या टाकणारे, आणि शेवटी नेहमीची जी मंडळी आली नसतील त्यांचे नावानिशी आभार. न आलेले गिऱ्हाईक दुखावू नये, एवढाच त्यात हेतू. त्यामुळे प्रत्येक पक्षाला वाटे की हा माणूस आतून आपलाच.

"गावाचं आभार मानून घसा बसतोय तुमचा," त्यांची बायको ईरम्मा म्हणे. "भाकरी कोण थापतंय, ते कदी निघतंय का तोंडातून?"

"तू सभा भरीव की, मग मानतो."

१९३० साली शहरात लष्करी कायदा आला. बंदी मोडून भरलेल्या एका सभेत सापडल्या म्हणून चनबसप्पांच्या सगळ्या बत्त्या जप्त झाल्या. कायदा उठला, बत्त्या चौकीतच राहिल्या. दुकानाला कुलूप लागले आणि ईरम्मा शेजारणीच्या घरी ज्वारी निवडायला जाऊ लागली.

अशात एक दिवस रावसाहेब त्यांच्या दारी आले. सरकारच्या स्नेह्यांत हे पहिले.

"शांतता नांदवल्याबद्दल कलेक्टरसाहेबांचे आभार मानायला सभा भरवतो आहे. लोकांना कृतज्ञतेची सवय लागली पाहिजे. शेवटचे आभार तुम्ही माना. बत्त्यांचे मी साहेबांच्या कानावर घालतो."

"आन् न्हाई मानलं तर?"

"तर बत्त्या आहेत तिथे सुरक्षित आहेत."

कृतज्ञता वाटण्यासाठी आम्हा सरकारी कचेरीतल्या लोकांना हजर राहण्याचा हुकूम होता. दिवेलागणीला चौकीतून चनबसप्पांच्याच बत्त्या आणून लावल्या. जप्तीच्या मालाला भाडे पडत नाही. संचारबंदीमुळे जनतेला लवकर झोपण्याची आरोग्यदायी सवय लागली, असे रावसाहेबांनी बराच वेळ सांगितले. श्रोत्यांपैकी काहींनी ती तिथेच दाखवून दिली.

मग चनबसप्पा उठले. साहेबांचे आभार झाले, रावसाहेबांचे झाले, पाणी देणाऱ्याचेही झाले. नेहमीप्रमाणे त्यांनी सभेवरून नजर फिरवली.

"आता जी नेहमीची मंडळी आज येऊ शकली न्हाईत, येरवड्याला हायती, त्यांचंबी आभार." आणि त्यांनी तुरुंगातल्या माणसांची नावे घ्यायला सुरुवात केली.

पहिल्या नावाला सगळ्यांनी माना खाली घातल्या. तिसऱ्या नावाला मागून एक टाळी आली. पाचव्या नावापासून टाळ्या थांबेनात. झोपलेलेही जागे झाले.

साहेबांना मराठी कळत नव्हते. त्यांनी रावसाहेबांना इंग्रजीत विचारले, "हा काय म्हणतो आहे?"

मी पुढच्याच रांगेत होतो. रावसाहेबांच्या पगडीखालून घाम निघाला. सभा त्यांची, वक्ताही त्यांनीच निवडलेला. ते म्हणाले, "हुजूर, तो आपले एकेक उपकार मोजतो आहे. लोकांना भरून आले आहे."

साहेबांनीही टाळ्या वाजवल्या. अशा निष्ठावंत माणसासाठी काय करता येईल, असे त्यांनी विचारले. बत्त्यांचे नाव काढण्यावाचून रावसाहेबांना गत्यंतर उरले नाही. साहेबांनी तिथल्या तिथे बत्त्या सोडण्याचा हुकूम दिला.

मंडळी पांगल्यावर रावसाहेब दात खाऊन म्हणाले, "चनबसप्पा, मला आत घालायला निघाला होतात तुम्ही!"

"मी काय केलं वो? गिऱ्हाईकं हायती की ती माजी. सुटून आल्यावर विचारतील, आमचंच नाव कसं गाळलं म्हणून. तुमी कदी आत गेला, तर तुमचंबी घेईन."

चनबसप्पांनी बत्त्या एकेक करून उतरवल्या, काचा तपासल्या आणि हातगाडी ढकलीत घराकडे निघाले.